मोहभंग कोणाचा? : अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य आणि शासनाचे प्रयोजन

अमेरिकन माणसाचा सरकारवरचा विश्वास उडाला आहे, असे आज सर्वत्र लिहिले-बोलले जाते. त्यासाठी आकडेही दिले जातात. १९५८ साली तेथील लोकांना हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी वॉशिंग्टनचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करते, असे उत्तर दिले होते. पुढे व्हिएतनामचे युद्ध झाले, १९७४ साली वॉटरगेट प्रकरणात निक्सनला पायउतार व्हावे लागले आणि हा विश्वास ढासळत गेला. २००७ नंतर तर तो शेकडा तीसच्या वर गेलेला नाही. अभ्यासक याला 'राजकीय मोहभंग' म्हणतात.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. मोह असल्याशिवाय त्याचा भंग होत नाही. मग १९५८ साली हा मोह कोणाला होता? त्या काळी मिसिसिपी राज्यात काळ्या माणसाने मतदार म्हणून नाव नोंदवायला जाणे म्हणजे नोकरी, घर आणि प्रसंगी जीवही गमावणे होते. १९६५ चा मतदान हक्क कायदा होईपर्यंत त्या राज्यातील मतदानाचे वय झालेल्या काळ्यांपैकी शेकडा सात जणांचीही नावे यादीत नव्हती. म्हणजे गोऱ्या अमेरिकेच्या विश्वासाचा जो सुवर्णकाळ, त्याच काळात काळ्या अमेरिकेला सरकार दाराबाहेर उभे करीत होते. एकाच देशात दोन मोहभंग आहेत. ज्यांच्या घरात सरकार पिढ्यानपिढ्या नांदले आणि आता ज्यांना ते नकोसे झाले, त्यांचा एक. ज्यांच्याकडे ते येता येता माघारी फिरले, त्यांचा दुसरा. या दोहोंना एकच नाव देणारी समीक्षा चुकते, असे मला म्हणायचे आहे. ही चूक मीही केली आहे.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. पदव्युत्तर वर्गाला राल्फ एलिसनची 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) ही कादंबरी कित्येक वर्षे मी 'परात्मतेची कादंबरी' म्हणून शिकवीत होतो. मला ती तशीच शिकवली गेली होती. टिपणेही तशीच होती. तळघरात राहणारा निनावी नायक, त्याने तेथे लावलेले १३६९ दिवे, त्याचे कोणालाही न दिसणे, हे सारे आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचे प्रतीक होय, असे मी फळ्यावर लिहीत असे. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, ते प्रतीक राहू द्या. ह्याला शिष्यवृत्ती दिली कोणी?" त्या मुलाची स्वतःची शिष्यवृत्ती त्या वेळी कुठल्याशा टेबलावर अडकलेली होती. प्रश्न तेथून आला होता. मी घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले.

त्या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. गावातील प्रतिष्ठित गोरे एका हॉटेलात जमले आहेत. काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना एकमेकांशी झुंजवले जाते. वीज सोडलेल्या सतरंजीवरची नाणी त्यांना वेचायला लावली जातात. मग रक्ताळलेल्या तोंडाने नायक भाषण करतो. 'सामाजिक जबाबदारी' म्हणताना त्याच्या तोंडून 'सामाजिक समता' असा शब्द निसटतो आणि सभा एकदम गप्प होते. त्याला तो शब्द मागे घ्यावा लागतो. त्यानंतर शिक्षण मंडळाच्या नावाने त्याला एक चामडी बॅग मिळते आणि तीत काळ्यांच्या सरकारी कॉलेजची शिष्यवृत्ती असते. कागद सरकारी आहे; देण्याची रीत मात्र उपकाराची आहे. समता हा शब्द गिळल्याशिवाय तो कागद हाती पडत नाही. नायकाचे अदृश्य होणे येथून सुरू होते. त्याचे मूळ मानवी अस्तित्वाच्या गूढात शोधण्याची गरज नाही.

दुसरा प्रसंग हार्लेममधला. एका वृद्ध काळ्या दाम्पत्याला भाडे थकले म्हणून घराबाहेर काढले जात आहे. कोर्टाचा हुकूम घेऊन अंमलदार उभे आहेत आणि त्यांची माणसे सामान पदपथावर आणून टाकत आहेत. बर्फात पडलेल्या त्या सामानात नायकाला एक जुना कागद सापडतो. १८५९ साली एका मालकाने आपल्या गुलामाला मुक्त केल्याचा तो दाखला आहे. त्यावर सही मालकाची आहे. एका माणसाचे माणूसपण दुसऱ्या माणसाच्या सहीवर अवलंबून होते. राज्यसंस्थेने त्याची हमी घेतलेली नव्हती. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, आणि या घरात सरकार अखेर आले ते कशासाठी? खाट उचलून बाहेर टाकण्यासाठी.

हे दोन कागद शेजारी ठेवले की कादंबरीचा खरा प्रश्न दिसू लागतो. मुक्ती, शिक्षण, रोजगार या गोष्टी काळ्या माणसाला अमेरिकेत नेहमी कोणाच्या तरी औदार्यातून मिळत आल्या. औदार्य दाखवणारा हात आखडताही घेऊ शकतो. जे उपकार म्हणून मिळते ते हक्क म्हणून मिळावे, एवढ्यासाठीच दुबळ्याला शासन हवे असते. कादंबरीच्या अखेरीस नायक मरणाऱ्या आजोबांच्या कोड्यात टाकणाऱ्या बोलांचा अर्थ लावतो: देश ज्या तत्त्वावर उभा राहिला त्या तत्त्वाला होकार द्यायचा, ज्यांनी ते तुडवले त्या माणसांना नव्हे. मोहभंग झालेला माणूस असे बोलत नाही. येणे बाकी असलेला माणूस असे बोलतो.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील मजुरीला जात. आईला अक्षरओळख नव्हती. शासकीय वसतिगृह आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती यांवर मी शिकलो. शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता येई आणि कारकून ती खिशातून दिल्यासारखी देई. तरीही ती मिळवण्यासाठी मला कोणत्याही सभेत समता हा शब्द मागे घ्यावा लागला नाही. हा फरक लहान नाही.

अमेरिकेत हा फरक एकदा घडवला जात होता. त्याची कथा डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' (१९३५) या ग्रंथात आहे. हा ग्रंथ इतिहासाचा आहे. मी त्याकडे साहित्यकृती म्हणूनही पाहतो. यादवी युद्धानंतर १८६५, १८६८ आणि १८७० या वर्षी तीन घटनादुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी संपली, नागरिकत्व आले, पुरुषांना मताचा अधिकार आला. १८६५ साली स्थापन झालेल्या 'फ्रीडमेन्स ब्यूरो'ने शिधा वाटला, दवाखाने आणि शाळा उघडल्या, मजुरीच्या करारांवर देखरेख केली. दक्षिण कॅरोलिनातील १८६८ च्या घटना समितीत काळे प्रतिनिधी बहुसंख्य होते आणि त्या घटनेने सार्वजनिक शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुल्या केल्या. दक्षिणेतील गोऱ्या गरिबाच्या मुलालाही सरकारी शाळा मोठ्या प्रमाणावर मिळाली ती या काळात. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकणे गुन्हा होता, त्यांनी सत्ता हाती येताच शाळा मागितली. शासन कशासाठी, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतही क्वचितच सापडते.

मग सरकार माघारी फिरले. जनरल शर्मनच्या जानेवारी १८६५ च्या हुकमाने सुमारे ४० हजार मुक्त गुलाम किनाऱ्यालगतच्या जमिनीवर वसले होते. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांकडे परत वळवली. १८७२ साली ब्यूरो बंद झाला. १८७७ साली सत्तेच्या सौद्यात दक्षिणेतील सरकारांमागचे केंद्राचे लष्करी पाठबळ काढून घेतले गेले आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या ढोंगाला कायद्याची वस्त्रे नेसवली. यानंतर इतिहासकारांनी लिहिले की काळ्यांचे राज्य अडाण्यांचे व भ्रष्टांचे होते. या पंथाचा अध्वर्यू विल्यम डनिंग कोलंबिया विद्यापीठात शिकवीत असे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकत होते, तेच हे विद्यापीठ. डुबॉइस यांचे शेवटचे प्रकरण या इतिहासलेखनाचा पंचनामा करते. ग्रंथात काही ठिकाणी शब्द ताणले गेले आहेत. मळे सोडून गेलेल्या गुलामांच्या कृतीला ते 'सार्वत्रिक संप' म्हणतात, ते सर्वांना पटणार नाही. पण ज्यांना इतिहासाचे ओझे समजले जात होते, त्यांना त्यांनी इतिहासाचे कर्ते केले, हे या ग्रंथाचे सामर्थ्य आहे.

याच ग्रंथात डुबॉइस एक मर्मभेदी गोष्ट सांगतात. गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळाली तरी गोरेपणाची एक मानसिक मजुरी मिळत राहिली, आणि तिच्यापायी तो काळ्या मजुराच्या शेजारी उभा राहिला नाही. आपल्याकडे ज्याने जातीची उतरंड पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पहिल्या प्रकारच्या मोहभंगाचा एक धागा येथे सापडतो. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड कौंटीने काळी-गोरी मुले एकत्र बसू नयेत म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या. काळी मुले घरी बसली. जे सर्वांचे होणार ते नकोच, ही यामागची वृत्ती. सरकारवरच्या अविश्वासाला इतरही कारणे आहेत हे मान्य. पण हे कारण गाळून केलेले विवेचन अपुरे राहते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. काळ्यांना छळणारे सरकारच नव्हते का? होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतील बहुसंख्य काळे हीच कामे करीत. ४ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोत ब्लॅक पँथरचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन पहाटे पोलिसांच्या छाप्यात मारला गेला. खुद्द डुबॉइस यांच्यावर १९५१ साली परकीयांचे हस्तक म्हणून खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले, तरी पुढे कित्येक वर्षे त्यांचा पासपोर्ट अडवून ठेवला गेला. १९५६ साली त्यांनी आपण मतदान करणार नाही असे जाहीर लिहिले. याहून मोठा मोहभंग कोणता?

पण त्यांचा नकार नीट वाचला पाहिजे. दोन्ही पक्ष सारखेच आहेत आणि खरी निवड समोर ठेवलीच जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. शासन निरर्थक आहे असे ते म्हणाले नाहीत. ब्लॅक पँथरचेही तसेच. बंदुका घेतलेल्या त्या तरुणांचा १९६६ चा दहा कलमी कार्यक्रम पाहा. काम, घर, शिक्षण या त्यांच्या मागण्या आहेत. रोजगार देणे हे केंद्र सरकारचे कर्तव्य आहे असे ते बजावतात. आणि अखेरीस १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पुढे करतात. माणसांचे हक्क सुरक्षित करण्यासाठी शासन असते आणि ते जर हे काम करीत नसेल तर ते बदलण्याचा लोकांना अधिकार आहे, हे त्या जाहीरनाम्याचे सूत्र. ते लिहिणारा जेफर्सन गुलामांचा मालक होता. त्याच्या शब्दांचा अर्थ गुलामांच्या नातवंडांनी पुरा केला. यात निराशा कोठे आहे? ही तर थकबाकीची नोटीस आहे.

उलट, २० जानेवारी १९८१ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताना रोनाल्ड रेगनने सांगितले की आजच्या संकटात सरकार हा उपाय नसून सरकार हीच अडचण आहे. हा पहिल्या मोहभंगाचा जाहीरनामा. तो प्रत्यक्षात उतरला की काय होते ते फ्लिंट शहरात दिसले. काळ्यांची बहुसंख्या असलेल्या या शहराचा कारभार निवडून आलेल्यांच्या हातून काढून राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला होता. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये शहराला नदीचे पाणी सुरू झाले, पाण्यावर आवश्यक प्रक्रिया झाली नाही आणि जुन्या नळांतले शिसे मुलांच्या पोटात गेले. सरकार कंपनीसारखे चालवले की पाणी ही हिशेबातली एक रक्कम होते. महाडच्या तळ्याची आठवण असलेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आपण या साहित्याकडून काय घेतले? जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते मराठीत आणले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती तेथूनच नाव घेऊन. आपण तेथला विद्रोह घेतला, क्रोध घेतला. त्या क्रोधाच्या तळाशी असलेला शासनाविषयीचा विचार मात्र आपल्या समीक्षेने फारसा उलगडला नाही. बाबासाहेबांनी तो जाणला होता. १९४६ साली त्यांनी डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकन काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. दुसऱ्याच वर्षी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी बजावले की राज्याने हात काढून घेतला म्हणजे जी मोकळीक उरते, ती जमीनदाराची आणि मालकाची असते.

त्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती यथावकाश जमा झाली. मध्यंतरी तो एकदा चिडून म्हणाला होता, "सर, असलं सरकार असून नसल्यासारखंच. मग पाहिजे कशाला?" मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत, त्याचा राग मला परका नाही. तरीही मी त्याला सांगितले, की हे वाक्य बोलण्याआधी ते आणखी कोण बोलते ते पाहा. ज्याच्याकडे स्वतःची शाळा, स्वतःचा दवाखाना आणि स्वतःची विहीर आहे, तोही हेच बोलतो. शब्द सारखे असले तरी त्याचा नि तुझा मोहभंग एक नाही. त्याला सरकार जायला हवे आहे. तुझ्याकडे ते अजून पुरते आलेले नाही.

यंदा 'इन्व्हिजिबल मॅन' शिकवताना मी फळ्यावर परात्मता हा शब्द लिहिला नाही. दोन कागद काढले: मालकाच्या सहीचा एक, शिक्षण मंडळाच्या नावाचा दुसरा. तिसरा चौकोन रिकामा ठेवला, आणि त्यावर कोणाची सही हवी, असे वर्गाला विचारले.