संजय आणि आकाशवाणी

युद्धाचे दिवस आले, की दूरचित्रवाणीला आणि हातातल्या भ्रमणध्वनीला 'आधुनिक संजय' म्हणण्याची आपल्या लेखकांस मोठी हौस. २०२५ च्या मे महिन्यात ही उपमा इतक्या वेळा वाचनात आली, की ती मुळात खरी तरी आहे काय, हे एकदा पाहावे असे आम्हांस वाटले.

त्यासाठी भीष्मपर्व उघडावे. युद्धाच्या तोंडावर व्यास धृतराष्ट्राकडे येतात आणि रण पाहावयाचे असेल तर दृष्टी देतो म्हणतात. आंधळा राजा ती नाकारतो. ज्ञातिवध पाहणे आपल्याला रुचत नाही, वृत्तान्त ऐकावयाचा मात्र आहे, असे तो सांगतो. आणि मग ते सामर्थ्य संजयाला मिळते. धृतराष्ट्राच्या पदरी शहाणपण थोडे, पण होते त्यातले बरेचसे या एका नकारात आहे. ज्याचे शंभर पुत्र रणात उभे आहेत त्या बापाने डोळे नको म्हणावे, याचे महत्त्व उपमा देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

पुढचा भाग तर उपमेच्या मुळावरच येतो. संजय राजाशेजारी बसून क्षणाक्षणाचे वर्णन करतो आहे, हे चित्र आपल्या मनात पक्के आहे. १९८८ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरील मालिकेने ते अधिकच पक्के केले. महाभारतात संजय रणभूमीवरून धावत येतो तो दहाव्या दिवशी, भीष्म पडल्यावर. त्याची पहिली वार्ताच ती. राजा विलाप करतो, एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि मग कथा मागे जाऊन पहिल्या दिवसापासून सुरू होते. गीतादेखील आपण ऐकतो ती भीष्म शरपंजरी पडल्यानंतर सांगितलेली. द्रोणपर्वातही द्रोणवधाची वार्ता आधी येते, तिचा विस्तार मागाहून. ही रचना केवळ कवीच्या सोयीची नव्हे. वाईटात वाईट काय ते एकदा कळले, की जीव टांगणीला लागत नाही. दुःख उरते, परंतु दुःखी माणसाला निदान विचारता तरी येते. ज्याला प्रश्न विचारता येत नाही आणि जो क्षणभरही थांबत नाही, तो संजय नव्हे. ही उपमा आता टाकून द्यावी, हे बरे.

म्हैसुरात राहणाऱ्याला येथे दुसरा शब्द सुचेल. १९३५ साली येथील महाराजा कॉलेजचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी नभोवाणी केंद्र उभारले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले. पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने तेच नाव धारण केले. गोपालस्वामी मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, हे विसरू नये. पुराणांतील सर्वांत प्रसिद्ध आकाशवाणी कंसाने ऐकली. बहिणीच्या वरातीचा रथ तो हौसेने हाकीत होता. वाणी कानी पडताच त्याने तिचे केस धरले आणि तलवार उपसली. वाणी खोटी नव्हती, तरी ऐकणारा एका क्षणात क्रूर झाला. त्या घटकेला देवकी वाचली, ती वसुदेवाने कंसाला बोलण्यात गुंतवून वेळ काढला म्हणून.

२०२५ च्या मे महिन्यात असा वेळ कोणी काढला नाही. ७ ते १० मे या दिवसांत म्हैसूर रणापासून फार दूर होते. परंतु नोटांच्या छापखान्यात, अन्नसंशोधन संस्थेत वा भाषा संस्थानात बदलून आलेल्या मराठी माणसाचा भाऊ जम्मूस असू शकतो, भाची पठाणकोटला. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. ते खरे नव्हते. संगणकावरील खेळांतली दृश्ये रणातली म्हणून हातोहात फिरली. त्या रात्री जम्मूतील माणसे दिवे मालवून बसली होती, आणि दूरची माणसे पडद्याच्या उजेडात. भय दोघांसही होते. पहिल्यांचे निदान खऱ्या वस्तूचे होते.

भोंग्याची गोष्ट यांत सर्वांत वाईट. नागरी संरक्षणाचा भोंगा दोन सुरांत बोलतो : वरखाली होणारा सूर म्हणजे हल्ल्याचा इशारा, आणि लांबलेला एकसारखा सूर म्हणजे संकट टळले. वाहिन्यांनी तो आपल्या कार्यक्रमांना पार्श्वसंगीत म्हणून लावला. अखेर १० मे रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाला सांगावे लागले, की हे बंद करा. सतत ऐकून लोकांचे कान बोथट होतील आणि खऱ्या हल्ल्याच्या वेळी त्यांना तो नेहमीचाच आवाज वाटेल. शब्द अलंकारासाठी वापरून वापरून निरर्थक होतो, हे आम्ही टीकाकार कवींना नेहमी सांगतो. येथे तेच एका सरकारी खात्याने ध्वनीविषयी सांगितले, आणि आमच्याहून नेमके सांगितले.

युक्रेनमधील नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर २०२२ पासून हवाई हल्ल्याचा इशारा येतो. संकट टळल्याची सूचनाही त्याच वाटेने येते. आपल्या वाहिन्यांनी त्या चार दिवसांत पहिला सूर पुष्कळ वाजविला. दुसरा आमच्या कानी आला नाही.