काळू-बाळू, फक्त आवाजात

सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ वगातल्या हवालदारांच्या भूमिकांनी त्यांचे काळू-बाळू झाले. सारख्या चेहऱ्यांमुळेच हशा पिकायचा, असं आपण धरून चालतो. त्यांचं जुनं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. चेहरे दिसत नाहीत, तरी हसू येतं. एकाचं वाक्य संपतंय तोवर दुसरा बरोबर मात्रेवर शिरतो. खरी कमाल या टायमिंगची.

खटकलं एवढंच, की मी ऐकलेल्या अपलोडखाली ढोलकीवाल्याचं नाव नव्हतं. तमाशा अख्ख्या फडाचा असतो. गावाकडे कुणाकडे कॅसेट सापडली, तर डिजिटाइझ करण्याआधी फडातल्या म्हाताऱ्यांना गाठा. ती नावं आता फक्त त्यांनाच आठवतात.