सोय वाढली, सोबत गेली

ब्लिझर्ड कंपनीच्या 2013 मधल्या ब्लिझकॉन संमेलनात एका प्रेक्षकानं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या निर्मात्यांना विचारलं, की सुरुवातीच्या काळातला गेम खेळता येईल असे सर्व्हर कधी सुरू करणार? त्यांच्यापैकी जे. अॅलन ब्रॅक यांच्या उत्तराचा आशय असा होता, की तुम्हाला ते हवंसं वाटतंय, पण खरं तर नकोय. चार वर्षांनी, 2017 मध्ये, त्याच संमेलनाच्या मंचावर जुनी आवृत्ती परत आणण्याची घोषणा ब्रॅक यांनाच करावी लागली. ऑगस्ट 2019 मध्ये ‘क्लासिक’ सुरू झालं तेव्हा आत शिरायला तासन्‌तास रांगा लागल्या होत्या.

या ओढीला स्मरणरंजन म्हणून मोकळं होता येतं. पण गतकाळाचा उमाळा दोन-तीन महिन्यांत ओसरतो. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ मात्र 2013 पासून चालू आहे आणि ज्या मुख्य गेममधून तो फुटला, त्याच्याहून जास्त गर्दी आज त्याच्याकडे असते. लोक जुन्या आवृत्तीकडे का वळतात, हे समजून घ्यायचं तर नव्या आवृत्त्यांनी काय काढून टाकलं ते आधी पाहावं लागतं.

सुरुवातीच्या वॉरक्राफ्टमध्ये नाइट एल्फ जमातीचं पात्र घेणाऱ्या नवख्याला डेडमाइन्सची मोहीम करायची असली, तर ती खाण समुद्रापलीकडे. ऑबरडीनच्या धक्क्यावर जहाजाची वाट पाहायची. मेनेथिल बंदरात उतरलं की वेटलँड्सच्या दलदलीतून, आपल्या कुवतीबाहेरच्या मगरींना चुकवत पळत सुटायचं. मेलं तर भूत होऊन आपल्याच प्रेतापर्यंत यायचं आणि पुन्हा पळायचं. मग आयर्नफोर्ज, तिथून भुयारी ट्रामनं स्टॉर्मविंड, तिथून वेस्टफॉल. तोवर उरलेले चौघे चॅटमध्ये ‘हीलर (जखमा भरून काढणारा) हवाय’ म्हणून ओरडत थांबलेले. एवढ्या यातायातीनंतर चांगला हीलर भेटला, की त्याचं नाव मित्रयादीत जायचंच. आणि लूट ढापून पळणाऱ्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं. त्याला पुढच्या मोहिमेत कोणी उभं करत नसे.

डिसेंबर 2009 मध्ये ‘डन्जन फाइंडर’ आला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप जमणार आणि थेट मोहिमेच्या आत उतरणार. निर्मात्यांनी हे उगाच केलं नव्हतं. नोकरी आणि पोरंबाळं सांभाळून खेळणाऱ्याला टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा सोबती) शोधण्यात संध्याकाळ घालवणं परवडत नव्हतं, ती तक्रार रास्त होती. पण जो पुन्हा भेटणारच नाही त्याच्याशी कोण बोलणार? नाव कमावण्यात आणि घालवण्यात काही अर्थच उरला नाही. यातली एकेक सोय सुटी पाहिली तर बिनचूक होती. सगळ्या मिळून त्यांनी शेजारपाजार संपवला.

त्यात या कलाप्रकाराची एक अडचण आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिली कपाटात राहते. ऑनलाइन गेम कंपनीच्या सर्व्हरवर जगतो; नवा पॅच आला की जुनं जग नाहीसं होतं. 2010 च्या ‘कॅटाक्लिझम’ या एक्स्पान्शननं वॉरक्राफ्टचे मूळ दोन्ही खंड नव्यानं घडवले आणि आधीचा नकाशा अधिकृतपणे कुठेच उरला नाही. मग चाहत्यांनी परवानगीविना आपले सर्व्हर उभे केले. त्यातला ‘नॉस्टॅल्रियस’ कायदेशीर नोटिशीनंतर एप्रिल 2016 मध्ये बंद पडला, तेव्हा जुन्या सर्व्हरांच्या मागणीवर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या.

या पुनरागमनांचे आज तीन नमुने दिसतात. पहिला काटेकोर जतनाचा. 1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’चा ‘प्रोजेक्ट 1999’ हा चाहत्यांचा सर्व्हर मूळ क्रमानं आणि मूळ जाचासकट गेम चालवतो. 2015 मध्ये डेब्रेक या कंपनीनं त्याच्याशी लेखी समझोता केला, हे या क्षेत्रात दुर्मीळच. पण त्याचं जग ठरलेल्या टप्प्यावर थांबतं.

दुसरा नमुना वॉरक्राफ्ट क्लासिकचा, आणि तो सर्वांत बोधप्रद. 2006 चा गेम परत आला, पण 2006 चा खेळाडू परत आला नाही. रॅग्नारोस हा बॉस मुळात पहिल्यांदा पडायला गेम निघाल्यापासून काही महिने लागले होते. क्लासिकमध्ये तो आठवड्याच्या आत पडला. आधार घेतलेला पॅच शेवटचा, म्हणजे सौम्य होता हे खरं. पण मुख्य फरक पंधरा वर्षं साठलेल्या माहितीचा होता. पुढे तर लोक जगभर फिरून तात्पुरती वरदानं गोळा करायचे आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून रेडच्या, म्हणजे मोठ्या गटमोहिमेच्या, दिवसापर्यंत लॉग-आउट करून बसायचे. शेजारपाजार हवा म्हणून आलेले लोक गेमबाहेर बसून राहिले! त्यानंतर क्लासिक एकेक एक्स्पान्शन घेत त्याच जुन्या वाटेनं गेलं. विकतची लेव्हल आली, आणि ‘लिच किंग’च्या पर्वात आधी मुद्दाम वगळलेला डन्जन फाइंडरही शेवटी आला. ब्रॅक यांचं म्हणणं अर्धं खरं ठरलं म्हणायचं.

तिसरा नमुना रूनस्केपचा. 2012 च्या नोव्हेंबरात जॅगेक्स कंपनीनं लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि खेळाडू रागावून निघून जाऊ लागले. ऑगस्ट 2007 चा एक बॅकअप हाताशी होता. फेब्रुवारी 2013 मध्ये मतदान घेऊन त्यावर नवा गेम उभा केला. पण जॅगेक्सनं त्या बॅकअपचं संग्रहालय केलं नाही; 2007 ला फाटा फोडून वेगळी वाट धरली. नवीन काही आणायचं तर खेळाडूंचं मत, आणि मंजुरीसाठी बरीच वर्षं 75 टक्क्यांची अट (पुढे ती 70 वर आली). त्यामुळे गेम वाढत राहिला; 2023 मध्ये नौकानयनाचं नवं कौशल्यसुद्धा मतदानानंच निवडलं गेलं. बहुमतानं गेम सपक होण्याचा धोका यात आहे, पण आपल्या पाठीमागे काही बदललं जाणार नाही, ही खात्री खेळाडूला मिळते.

माझं झुकतं माप या तिसऱ्या वाटेला आहे. जुन्या आवृत्तीचं मोल तिच्या वयात नाही, तिच्या रचनेतल्या अडवणुकीत आहे: एकट्यानं जमू नये, वेळ लागावा, चुकीची किंमत मोजावी लागावी. यातलं काहीही कुठल्या एका जुन्या सालावर अवलंबून नाही. ब्लिझर्डच्या अधिकृत ‘हार्डकोअर’ सर्व्हरांनी 2023 मध्ये हेच दाखवलं. तिथे एकदा मेलं की त्या पात्राचा तिथला प्रवास संपला. नकाशा तोंडपाठ असलेले खेळाडूही त्या एका नियमानं पुन्हा जपून पावलं टाकू लागले, अनोळखी माणसाला मदतीला बोलावू लागले. गेलेलं अज्ञान परत आणता येत नाही, पण जोखीम आणि परस्परांची गरज नियम करून आणता येते. नव्या गेमकर्त्यांनी जुन्या गेममधून उचलावी अशी गोष्ट हीच आहे. तोवर खेळाडू ती जुन्या सर्व्हरवर शोधत राहतील, आणि त्यांना भाबडं म्हणण्याचा अधिकार निर्मात्यांना नाही.