चाळिशीला निमित्त लागते

2023 च्या जूनअखेरीस केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’. पहिला मराठी, दुसरा हिंदी. पण दुसऱ्याचीही भूमी वेंगुर्ल्याची आणि दिग्दर्शक ‘किल्ला’ करणारा. दोन्हींचा विषय एकाच वयाचा: अर्धे आयुष्य हातून निसटल्यावर लागणारी रुखरुख. पहिल्याने सत्तर कोटींहून अधिक गल्ला जमवला. बायकांचे जथे एकसारख्या साड्या नेसून, डोळ्यांवर गॉगल चढवून चित्रपटगृहांत आले आणि पडद्यासमोर त्यांनी फेर धरला. दुसरा चित्रपटगृहांतून लवकर उतरला आणि त्याला त्याचा प्रेक्षक बहुतांशी घरच्या पडद्यावर, नेटफ्लिक्सवर भेटला. त्याच्याविषयीची मतेही दोन टोकांची. कोणी म्हणाले, यात काही घडतच नाही. कोणी म्हणाले, पाहून झाल्यावर कितीतरी वेळ डोक्यातून जात नाही. या दोन प्रतिक्रियांमधले अंतर केवळ करमणूकप्रधान आणि गंभीर चित्रपटातले नाही. मध्यमवयातली अस्वस्थता मराठी प्रेक्षक नाकारत नाही, पण ती उघड्या डोळ्यांनी पाहण्यासाठी त्याला काहीतरी निमित्त लागते. निमित्त पुरवणारे चित्रपट गर्दी खेचतात, न पुरवणारे पुरस्कार मिळवतात. आणि निमित्ताची ही सवय आता इतकी रुळली आहे की मराठी चित्रपट मध्यमवयाचा मूळ प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर देऊन मोकळा होतो.

निमित्ते कोणती, हे गेल्या वीस वर्षांतल्या चित्रपटांकडे पाहिले की कळते. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (2005) निमित्त आहे संतापाचे. माधव आपटे हा बँकेतला कर्मचारी. पाण्याच्या टाकीपासून शाळाप्रवेशाच्या देणगीपर्यंत सगळीकडे वाकत आलेला आणि एके दिवशी हातात बॅट घेणारा. या चित्रपटाची तुलना जोएल शूमाकर यांच्या 1993 च्या ‘फॉलिंग डाउन’शी नेहमी केली जाते. फरक मात्र महत्त्वाचा आहे. त्या अमेरिकी नायकाची नोकरी गेली आहे, संसार मोडला आहे. आपट्याकडे नोकरी, बायको, दोन मुले, सगळे शाबूत आहे. म्हणजे त्याचा पेच काही गमावल्याचा नाही, सगळे असून त्यात आपण कुठेच नसल्याचा आहे. प्रेक्षकांनी मात्र आपट्यामध्ये भ्रष्टाचाराशी लढणारा एकांडा शिलेदार पाहिला. घरात बायकोशी बोलता न येणारा, मुलांना परका झालेला आपटे त्या टाळ्यांत मागे पडला. चार वर्षांनी ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ आला आणि त्याने निमित्त पुरवले अस्मितेचे. दिनकर भोसले हाही बँकेतलाच. घर, पोरे, स्वतःचे नाव या सगळ्यांविषयीची त्याची हताशा ही खरे तर चाळिशी ओलांडलेल्या माणसाची हताशा होती. चित्रपटाने तिला मराठी माणसाची हताशा असे नाव दिले, खुद्द महाराजांना त्याची कानउघाडणी करायला आणले आणि सभागृहे भरली.

पुरुषांसाठी तिसरे निमित्त कलेचे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले दादासाहेब फाळके चाळिशीत छापखान्याचा धंदा सोडून घरातल्या वस्तू विकत सिनेमाच्या मागे लागतात, ‘मी वसंतराव’मधले वसंतराव देशपांडे लष्करी हिशेबखात्यातल्या नोकरीतून उशिरा, जवळजवळ नाइलाजाने, गाण्याकडे पूर्णवेळ येतात. दोन्ही चित्रपट चांगले आहेत आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांना मिळणाऱ्या प्रेमात एक सुरक्षित अंतर आहे. प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो: हा माणूस पुढे फाळके होणार आहे, हा वसंतराव होणार आहे. ज्या माणसाच्या चाळिशीतल्या धाडसातून पुढे काहीही मोठे निघणार नाही, त्याच्या धाडसाकडे आपण कसे पाहू, हा प्रश्न या चित्रपटांना विचारावाच लागत नाही. बायकांच्या वाट्याला आलेली निमित्ते सहलीची आणि सणाची. ‘झिम्मा’ने वेगवेगळ्या वयांच्या बायकांना इंग्लंडला नेले, ‘बाईपण’ने सहा बहिणींना मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरवले.

येथे पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बायकांनी हसावे, नाचावे, घराबाहेर पडावे यालाही समीक्षकाची परवानगी लागते का? ‘बाईपण’मध्ये रजोनिवृत्तीच्या काळातली तगमग आहे, दुसऱ्या बाईकडे गेलेला नवरा आहे, सासऱ्यांच्या धाकात दबलेले गाणे आहे, वर्षानुवर्षांचा बहिणीबहिणींतला अबोला आहे. मराठीच्या मुख्य प्रवाहात एवढे सारे एका चित्रपटात क्वचितच आले होते, आणि आपल्या आई-मावशांच्या आयुष्यावर तिकीट काढण्याजोगे काही आहे, हे त्या गर्दीने सिद्ध केले. हे श्रेय पुरते द्यायला हवे. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. स्पर्धा जवळ आली की चित्रपटातले सहाही प्रश्न एकाच वेगाने सुटू लागतात. मंगळागौर संपल्यावर उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्या घरांत काय बदलेल, याचा विचार पडद्यावर होत नाही. प्रेक्षक बायकांनी मात्र तो केलेला असणार, कारण फेर धरून झाल्यावर त्या त्याच घरांत परतल्या. चित्रपट आपल्या प्रेक्षकाहून थोडा कमी धीट निघाला, असे म्हणावे लागते.

याउलट निमित्ताशिवाय उभे राहिलेले चित्रपट मोजके आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’मध्ये नैराश्यातून सावरणारी जानकी एका अनोळखी तरुणाला सावरते, ती काही जिंकत नाही, कुठे गाजत नाही. चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’तला निशिकांत देशमुख नाशिकच्या घाटालगतच्या भाडेकरूंकडून भाडे गोळा करतो, घरच्यांपासून वेगळा राहतो आणि मृत्यूची चाहूल लागल्यावरही लगेच चांगला माणूस होत नाही. जितेंद्र जोशी यांना त्यासाठी 2021 च्या इफ्फीत अभिनयाचा पुरस्कार मिळाला, महाजन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. ‘गोदावरी’ निशिकांत कामत यांच्या स्मृतीला वाहिलेला आहे, हे लक्षात घेतले की ‘डोंबिवली फास्ट’पासून इथवरचा प्रवास स्पष्ट दिसतो: बॅट हातात घेणाऱ्या मध्यमवयीन पुरुषापासून नदीकाठी चिडचिडत बसलेल्या पुरुषापर्यंत. दुसरा पहिल्यापेक्षा खरा आहे. ‘थ्री ऑफ अस’ त्याच्याही पुढे जातो. स्मृती हळूहळू विझत चाललेली शैलजा नवऱ्याला बरोबर घेऊन बालपणीच्या गावी जाते, जुन्या मित्राला भेटते, आणि त्यांच्यापैकी कोणीही कोणाला सोडून जात नाही. यात काही घडत नाही म्हणणाऱ्या प्रेक्षकाला घडण्याची जी व्याख्या ठाऊक आहे, ती त्याला आधीच्या वीस वर्षांनी शिकवली आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. या चित्रपटांना पडदेच मिळाले नाहीत, मग प्रेक्षकाच्या आवडीला दोष का द्यायचा? मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून राज्य सरकारला 2015 मध्ये नियम आणावा लागला, यावरूनच तक्रारीत तथ्य आहे हे दिसते. पण पडद्यांच्या टंचाईने गल्ला कमी का हे समजते. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी तो कसा पाहिला, हे समजत नाही. आपट्याचे घर कोणाला आठवत नाही, ते काही पडदे कमी पडले म्हणून नव्हे. शिवाय 1982 मध्ये जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला तेव्हाही परिस्थिती काही फार सोपी नव्हती. सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीला जाते, हरते आणि तरीही पुन्हा निघते. तिच्या जाण्याला सण नव्हता, सहल नव्हती, टाळ्या घेणारा संताप नव्हता. तिने बरोबर केले की चूक, यावर मराठी घरांत भांडणे झाली. प्रेक्षक तेव्हाही अवघडलेला होता, पण चित्रपटाने त्याला अवघडू दिले.

पटेल मूळचे पंढरपूरचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचे. आणि सोलापुरातून पाहिले की या सगळ्या चित्रपटांतली एक उणीव फार ठळक दिसते. आपटे बँकेत, भोसले बँकेत, ‘थ्री ऑफ अस’मधला प्रदीप कामतही बँकेत, वसंतराव सरकारी हिशेबखात्यात. मराठी कल्पनेतला मध्यमवयीन पुरुष महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा आहे. 1965 मध्ये एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने मध्यमवयाच्या अरिष्टाची कल्पना मांडली ती कलावंतांची चरित्रे तपासून. मृत्यूची पहिली खरी जाणीव हे तिचे मूळ होते. पगार चालू असेल तर ही जाणीव एकांतात येते. सोलापुरात ती भोंगा बंद पडल्यामुळे आली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद झाली, पुढे नरसिंग गिरजीही. चाळिशी-पन्नाशीतल्या कामगाराचे कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी ठरले. कोणी यंत्रमागावर गेला, कोणी रिक्षा धरली, आणि पूर्व भागातल्या कितीतरी घरांचा चरितार्थ बायकांनी वळलेल्या विड्यांवर आला, ज्यांची मजुरी हजारामागे मोजतात. कमावत्या माणसाची जागा बदलली की नवरा-बायकोतले, बाप-लेकातले सगळे नाते बदलते. ते नाते, त्यातला अपमान आणि त्यातून बाईला मिळालेले अनपेक्षित बळ हा मध्यमवयाचाच विषय आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. ज्या बाईच्या नावावर पन्नाशीत पहिल्यांदा घर झाले, तिच्या आयुष्याच्या उत्तरार्धाला रुखरुखीचा शब्द पुरत नाही. या शहराच्या चाळिशीवर मुख्य प्रवाहातला चित्रपट मात्र सापडत नाही.

तिसरा आक्षेप इथे अपेक्षित आहे: दिवसभर राबणारा माणूस संध्याकाळी स्वतःचेच दुःख पाहायला का जाईल? याला उत्तर ‘नटरंग’ देतो. गुणा कागलकर हा मजूर. विहिरीवर विजेचा पंप बसतो, मोट थांबते, त्याचे काम जाते, आणि तिथून त्याची तमाशाकडची वाट सुरू होते. कलेचे निमित्त इथेही आहे. तरीही त्याच्या मुळाशी यंत्राने हिरावलेले काम आहे, पुढे बायको, बाप आणि गाव यांनी नाकारलेला पुरुष आहे. सोलापूरच्या नाट्य आराधना या हौशी संस्थेतून पुढे आलेल्या अतुल कुलकर्णी यांनी तो उभा केला आणि प्रेक्षकाने, त्यात राबणारा प्रेक्षक भरपूर, तो उचलून धरला. हुतात्मा स्मृतिमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची नाटके तिकीट काढून पाहणारे शहर गंभीर विषयाला घाबरते, हे म्हणणे टिकत नाही.

मग अडते कुठे? या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या चित्रपटकाराकडे पाहिले तर उत्तराचा एक भाग मिळतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फॅन्ड्री’ आणि ‘सैराट’ यांतून पौगंड आणि तारुण्य यांना मराठीत कधी नव्हती अशी धार दिली. ‘फॅन्ड्री’तला कचरू माने आठवून पाहा. मुलीच्या लग्नासाठी गावाची डुकरे पकडणारा, सगळ्यांसमोर वाकणारा, पोरावर हात उगारणारा बाप. किशोर कदम यांनी त्या माणसाच्या पाठीच्या कण्यातून अख्खे आयुष्य दाखवले. प्रेक्षकाच्या बोलण्यात मात्र त्या पोराने, जब्याने, भिरकावलेला दगड आला, कचरूची लाचारी फारशी आली नाही. बंड तरुणाचे असते, बापाचा असतो तो नाइलाज, असे आपण धरून चालतो. याच कदमांनी पुढे ‘दिठी’त तरणा मुलगा गमावलेला लोहार रामजी केला. तीस वर्षे पंढरीची वारी करणाऱ्या माणसाचा विठ्ठलावरचा भरवसा उडतो, आणि तो परत येतो एका अडलेल्या गाईच्या बाळंतपणात, स्वतःचे हात कामाला लावल्यावर. रामजी गाव सोडत नाही, धंदा सोडत नाही, कोणाला हरवत नाही. आहे तिथेच राहून तो आतून बदलतो. मराठीतली मध्यमवयाची सर्वांत प्रौढ गोष्ट ती हीच, आणि ती शहरी फ्लॅटमधली नाही.

मराठी चित्रपटाची या विषयातली स्थिती म्हणूनच अडलेली आहे, वाईट नाही. अभिनेते आहेत, लेखक आहेत, पन्नाशीच्या माणसासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक तर ‘बाईपण’ने समोर आणून उभा केला आहे. निमित्ताची मदत घेण्यात गैर काही नाही. ‘नटरंग’ने ती घेऊनही प्रश्न बोथट होऊ दिला नाही. गैर आहे ते निमित्त संपताच चित्रपट संपवण्यात. मंगळागौरीनंतरचा सोमवार, भोंगा थांबल्यानंतरचे पहिले वर्ष, स्वतःच्या नावाचे घर झाल्यावर नवऱ्याशी नव्याने सुरू होणारा संसार, या जागा रिकाम्या आहेत. त्या भरायला प्रेक्षक तयार नाही, हे कारण यापुढे दिग्दर्शकाने सांगू नये. आणि प्रेक्षकानेही काही घडत नाही असे म्हणण्याआधी पडद्यावरच्या पन्नाशीच्या माणसाला तेवढा वेळ द्यावा, जेवढा तो वीस वर्षांच्या प्रेमिकांना न मागता देतो.