व्यावसायिक कबड्डीच्या प्रारंभकाळाची स्मरणे : एक चिकित्सा

प्रस्तावना

खेळाविषयीचे मराठी लेखन बहुतांशी खेळाडूंची चरित्रे, आत्मकथने आणि सामन्यांची वृत्ते यांभोवती फिरत आले आहे. प्रेक्षक या लेखनात गर्दी म्हणून येतो. निवेदक म्हणून क्वचितच येतो. वास्तविक एखादा खेळ समाजाच्या स्मृतीत टिकतो तो प्रेक्षकांनी एकमेकांना वारंवार सांगितल्यामुळेच. प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम २०१४ मध्ये झाला. त्याला एक दशक उलटून गेले असून तिचे चाहते त्या हंगामाविषयी आता 'सुरुवातीचे दिवस' या भावनेने बोलू लागले आहेत. प्रस्तुत लेखात या स्मरणांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. स्मरणे खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. ती प्रारंभ कोठे मानतात, कोणाला जपतात आणि कोणाला वगळतात, हा विचाराचा मुख्य विषय आहे.

आपल्या परिसरात हा भेद समजणे कठीण जाऊ नये. चिखलदरा म्हणजे कीचकदरा, येथेच भीमाने कीचकाला द्वंद्वात मारून दरीत लोटले, असे येथे सांगितले जाते. या कथेकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. मात्र या भूमीला कोणता प्रारंभ हवासा वाटतो, हे तिच्यातून कळते. खेळाच्या चाहत्यांची स्मरणेही याच दृष्टीने वाचावयास हवीत.

१. स्मरणांचे स्वरूप

पहिल्या हंगामाच्या स्मरणांना एक ठरावीक घाट आलेला दिसतो. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात यू मुंबा संघाने जयपूर पिंक पँथर्सचा ४५–३१ असा पराभव केला. ३१ ऑगस्ट रोजी मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात त्याच जयपूरने मुंबईला ३५–२४ असे हरवले. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, मुंबईने बंगळुरू बुल्सला ३६–३० असे नमवून विजेतेपद मिळविले. विजय, पराभव आणि भरपाई असा हा क्रम आहे. कथेला लागणारा आकार घटनांनीच पुरविल्यामुळे तो स्मरणात पक्का बसला.

या स्मरणांतील प्रतिमाही बहुतेक सारख्याच असतात : प्रकाशझोत, रंगीत मॅट, चित्रपट कलावंतांची उपस्थिती, चढाईच्या तीस सेकंदांचे घड्याळ, अनुपकुमारचा शांत चेहरा. या सर्व प्रतिमा कॅमेऱ्याने निवडलेल्या आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. बहुसंख्य चाहत्यांनी तो हंगाम घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. प्रत्यक्ष मैदानावरचा प्रेक्षक जे ऐकतो आणि शेजाऱ्याशी जे बोलतो, ते या स्मरणांत जवळजवळ नाही. आठवणारी माणसे वेगवेगळी असली, तरी पाहणारा डोळा एकच आहे. म्हणून या स्मरणांना सामूहिक म्हणताना ती प्रक्षेपणाने घडविलेली आहेत, हे विसरता येत नाही.

२. 'व्यावसायिक' या शब्दाचा प्रवास

व्यावसायिक कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, हे या स्मरणांचे मूलभूत गृहीतक आहे. परंतु महाराष्ट्रातील स्पर्धांत 'व्यावसायिक गट' हा शब्दप्रयोग त्याच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मुंबई बंदर यांसारख्या आस्थापनांचे संघ त्या गटात खेळत. 'व्यावसायिक' याचा तेथील अर्थ खेळाडूला खेळाच्या बळावर नोकरी देणाऱ्या आस्थापनेचा संघ, असा होता. लीगने त्याच शब्दाला हंगामापुरता करार आणि लिलावातील बोली हा अर्थ दिला. शब्द तोच राहिल्यामुळे अर्थ बदलल्याचे सहसा ध्यानात आले नाही.

लीगपूर्वीचा इतिहासही अल्प नाही. हुतुतू, कबड्डी अशा नावांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात एकत्रित करण्यात आले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इतर भारतीय व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक केले. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी खेळाला संघटित रूप दिले आणि १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. वऱ्हाडाच्या दृष्टीने बर्लिनची घटना महत्त्वाची आहे, तरीही चाहत्यांच्या 'प्रारंभा'त तिला जागा नाही; कारण तो प्रारंभ खेळाचा नसून पाहण्याच्या एका रीतीचा आहे.

३. अमेरिकेतील समांतर उदाहरण

हा प्रकार आपल्याकडेच घडला असे नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या आरंभाची आठवण तेथील एका पिढीचे चाहते काढतात, तेव्हा ते बहुधा १९६८ ते १९८४ या काळात चाललेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगविषयी, त्यातही १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉस संघात आलेल्या पेलेविषयी बोलतात. १४ ऑगस्ट १९७७ रोजी कॉसमॉसच्या सामन्यास ७७,६९१ प्रेक्षक उपस्थित होते. हा आकडा त्या स्मरणांचा जणू ध्वज आहे. परंतु १९२१ मध्येच तेथे अमेरिकन सॉकर लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली होती. बेथलेहेम स्टील हा पोलाद कारखान्याचा संघ होता. फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचे शहर होते. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपांत्य फेरी गाठली, ती याच पायावर. अंतर्गत भांडणे आणि महामंदी यांत ती लीग १९३० च्या दशकारंभी संपली आणि तिचे प्रेक्षक निवर्तल्यावर तिची आठवण संशोधकांपुरती उरली.

येथे दोन साम्ये दिसतात. पहिले असे की, कामगारवस्तीत वाढलेला खेळ विस्मृतीत जातो आणि दूरचित्रवाणीच्या काळातील खेळ 'पहिला' ठरतो. फॉल रिव्हर आणि मुंबईचे गिरणगाव यांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरेल. दुसरे असे की, नव्या प्रेक्षकांसाठी दोन्हीकडे नियमांना मुरड घातली गेली. अमेरिकेत बरोबरीतील सामन्यांचा निकाल ३५ यार्डांवरून धावत येऊन घेतलेल्या फटक्यांनी लावला जाई. कबड्डीत गुणाविना गेलेल्या लागोपाठच्या दोन चढायांनंतरची निर्णायक तिसरी चढाई आणि तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी केलेल्या पकडीचा जादा गुण आला. चाहत्यांना पुढे याच गोष्टी जिव्हाळ्याने आठवतात. जाणकारांना जी भेसळ वाटते, तीच नव्या प्रेक्षकाची बाळगुटी असते.

एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली. त्यामुळे तिच्या स्मरणांना वियोगाचा सूर आहे. प्रो कबड्डी टिकून आहे. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले. चालू असलेल्या स्पर्धेची स्मरणे सहज तिच्या जाहिरातीत विरघळतात. या स्मरणांची चिकित्सा अधिक काटेकोरपणे करावी लागते, ती यामुळे.

४. मातीविषयीची हळहळ

लीगच्या स्मरणांसमोर दुसऱ्या बाजूस मातीच्या मैदानाची स्मरणे उभी असतात. चाळून सारखी केलेली माती, चुन्याच्या रेषा, रात्रीचे सामने, चढाईपटूचा ऐकू येणारा दम हे त्यांतील नेहमीचे तपशील होत. त्यांत ऐंद्रिय समृद्धी आहे आणि पडद्यावरच्या स्मरणांत नसलेला शेजारही आहे. परंतु केवळ यामुळे ती अधिक प्रामाणिक ठरत नाहीत. आपला काळ निर्मळ होता असे ठरवून ती गुडघ्यांच्या दुखापती, स्थानिक पंचगिरीचे वाद आणि नोकरी न मिळाल्यामुळे विशीतच खेळ सोडणारे खेळाडू यांना बाजूला सारतात. एक स्मरण झगमगाटाने दिपलेले, तर दुसरे धुळीने हळवे झालेले आहे; दोघांनाही खेळाडूचे पोट दिसत नाही.

५. स्मरणांतून गळालेले

या संदर्भात दोन अभाव ठळक आहेत. पहिला उपजीविकेचा. २०१४ च्या लिलावातील सर्वोच्च बोली राकेशकुमारसाठी १२.८० लाख रुपयांची होती; २०१८ मध्ये मोनू गोयतसाठी ती १.५१ कोटींवर, तर २०२२ मध्ये पवन सेहरावतसाठी २.२६ कोटींवर गेली. चाहत्यांना हे आकडे पाठ असतात. परंतु पहिल्या हंगामातील नामवंतांना घडविले होते ते रेल्वे, पोलीस, सेनादले आणि सार्वजनिक आस्थापनांतील नोकऱ्यांनी. खेळ संपल्यावरही चालू राहणारे वेतन आणि एका हंगामाची मोठी रक्कम यांतील फरक लीगच्या स्मरणांत कोठेच नोंदला जात नाही.

दुसरा अभाव महिला खेळाडूंचा. २०१२ मध्ये पाटणा येथे झालेला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या खेळाडू संघात होत्या. २०१६ मध्ये लीगच्या जोडीने तीन संघांची महिला स्पर्धा घेण्यात आली. पुढल्या हंगामात ती झाली नाही. पुरुषांच्या लीगचा पहिला सामना तपशिलाने सांगणाऱ्या चाहत्याला त्या तीन संघांची नावे बहुधा सांगता येत नाहीत. येथे दोष व्यक्तीच्या स्मरणशक्तीचा नाही. जे पुन्हा दाखविले जात नाही, ते पुन्हा सांगितलेही जात नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, चाहत्यांची स्मरणे ही अनुभवाचा पुरावा म्हणून अस्सल आणि इतिहासाचा पुरावा म्हणून अपुरी आहेत. त्यांना खोटे ठरविणे जितके अनुचित, तितकेच त्यांना प्रारंभ ठरविण्याचा अधिकार देणे अनुचित होय. लीगची स्मरणे चित्रफितींत सुरक्षित आहेत. मातीच्या मैदानांची, 'व्यावसायिक गटा'च्या स्पर्धांची आणि महिला संघांची स्मरणे केवळ वृद्ध प्रेक्षकांच्या बोलण्यात आहेत. ते प्रेक्षक आपल्या महाविद्यालयांच्या आसपासच राहतात. मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्र येऊन ती ध्वनिमुद्रित करावीत आणि त्यांचे तितक्याच कठोरपणे परीक्षण करावे. अमेरिकेत फॉल रिव्हरच्या प्रेक्षकांना विचारण्याची वेळ निघून गेली. आपल्याकडे ती अद्याप गेलेली नाही.