‘प्रशिक्षण’ आणि ‘आग्रह’ : दोन संज्ञांची चिकित्सा

तीव्र मनोविकाराने ग्रस्त प्रौढांची शुश्रूषा रुग्णालयाऐवजी त्यांच्या राहत्या ठिकाणी पथकाने करावी, हा प्रयोग लेनर्ड स्टाइन व मेरी अ‍ॅन टेस्ट यांनी अमेरिकेतील मॅडिसन येथे केला. त्याचा वृत्तांत १९८० साली प्रसिद्ध झाला. प्रयोगास दिलेले ‘समाजजीवनाचे प्रशिक्षण’ हे नावच आम्हांस सदोष वाटते. प्रशिक्षण ही समाप्त होणारी क्रिया आहे. स्वयंपाक, बाजारहाट, नोकरी एकदा शिकली की शिक्षकाची गरज उरत नाही, असे ती संज्ञा गृहीत धरते. परंतु १४ महिन्यांनी पथकाचे साहाय्य थांबताच झालेला लाभ बव्हंशी ओसरला. ही नोंद लेखकांनीच केली आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. पुढे साहाय्याची कालमर्यादा सुटली आणि ‘असर्टिव्ह’ हे विशेषण रूढ झाले.

‘आग्रही’ हा त्याचा मराठी पर्याय मात्र जपून योजावा. पंगतीतला आग्रह पानावर हात आडवा धरून मोडता येतो. वारंवार दारी येणाऱ्या पथकाचा आग्रह रुग्णाला तसा मोडता येतो काय? या पद्धतीच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप नेमका येथेच आहे.