हिंडोल ऐकत एक चित्र पाहिलं

नगरच्या माणसाला किल्ल्याबद्दल विचारा, तो चांदबिबी सांगेल, नाहीतर १९४२ पासून तिथे कैदेत असलेले नेहरू. निजामशाहीच्या काळात इथे चित्रंही काढली जात, हे मला कळलं ते एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकाची पीडीएफ चाळताना, आणि तेही आडवळणाने. दख्खनी चित्रकलेच्या धड्यात हिंडोल रागाची ‘पठमंसिका’ रागिणी आहे. काळ १५९०-९५, मुक्काम दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय. पुस्तक म्हणतं, काही अभ्यासक हे चित्र विजापूरचं मानतात. इतरत्र मात्र त्याच सुमाराचं हिंडोलचं चित्र अहमदनगर शैलीचा उत्तम नमुना म्हणून दाखवतात. या भांडणाकडे नंतर येतो.

आधी चित्र. वर दोन घुमट, त्यांच्यावर इराणी वळणाची वेलबुट्टी आणि देवनागरीत लिहिलेला मजकूर. मंडपात दागिन्यांनी मढलेल्या दोघी, तिसरी बाहेर. मधली वीणेसारखं वाद्य वाजवते आहे, बाजूच्या दोघी डोलताहेत. लाल रंगाचा जोर, त्याला हिरव्याची साथ. आणि खाली डाव्या कोपऱ्यात सोंड उंचावलेला एक छोटासा हत्ती.

पठमंसिका मी कधी ऐकलेली नाही. म्हणून हेडफोन लावून हिंडोल लावला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. जमेना. आजच्या हिंडोलात रिषभ-पंचम नाहीत, मध्यम तीव्र. तो उंच झोका घ्यावा तसा झेपावत जातो. चित्रातल्या बाया मात्र संथ, सगळ्यांचे चेहरे एकाच बाजूने, एकाच साच्यातले. व्हॉट्सअॅपच्या स्टिकर पॅकमधल्या वाटाव्यात.

चूक माझी होती. रागमालेचा चित्रकार मैफलीत बसून सूर रंगवत नव्हता. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, अशा छत्तीस जणांचं कुटुंब शास्त्रकारांनी कल्पिलं होतं. प्रत्येकाचं रूप सांगणारा श्लोक असे. अनेकदा तोच चित्राच्या माथ्यावर लिहीत. म्हणजे सुरातून शब्द आणि शब्दातून चित्र. चारशे वर्षांत राग किती बदलला असेल कोण जाणे, पण श्लोक कागदावर तसाच राहिला. आज स्टेजवर गायकाशेजारी कॅनव्हास लावून रंग फासणारे कलाकार रील्समध्ये दिसतात. त्यात राग कमी आणि त्या संध्याकाळचा मूड जास्त असतो, असं मला वाटतं. जुन्या चित्रकाराला ती मोकळीक नव्हती. शिस्त होती, आणि तिचा तोटाही आहे: ठरावीक चेहरे, ठरावीक मंडप.

मग यात संगीत उरतं कुठे? मला ते वीणेत दिसत नाही. डोलणाऱ्या दोन देहांत दिसतं, आणि सगळ्यात जास्त हत्तीत. वरची सगळी मांडणी मोजूनमापून, घुमटासमोर घुमट. हत्ती तेवढा तो तोल मोडतो. तबलजीने ठेक्याच्या मध्येच एखादी अनपेक्षित थाप द्यावी तसा. पुस्तक त्याच्या सोंडेत स्वागत पाहतं. मला वाटतं, तो ऐकतोय. चित्रातला सर्वांत लहान आणि सर्वांत जिवंत श्रोता.

आता भांडण. विजापूरच्या बाजूने मोठा आधार म्हणजे दुसरा इब्राहिम आदिलशहा. त्याने ‘किताब-ए-नौरस’मध्ये रागवार गीतं लिहिली, संगीत म्हटलं की त्याचंच नाव आधी येतं. नगरकडे असा गाणारा सुलतान नाही. १६०० मध्ये किल्ला मुघलांकडे गेला. मुघलांच्या बाजूने बिकानेरचे राजे दख्खनमध्ये लढले, आणि या शैलीच्या कित्येक रागमाला चित्रांचा माग बिकानेरच्या संग्रहापर्यंतच लागतो. त्याआधीचा रस्ता पुसलेला. नगरची म्हणून खात्रीने सांगता येणारी चित्रं पाहायची तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ आहे. त्यातही हुसेन निजामशहाशेजारची राणी कुणीतरी नंतर खरवडून टाकलेली.

नगरकर म्हणून मला ही पठमंसिका हवी आहे, हे कबूल. पण हाताशी पुरावा नाही, आणि नुसत्या हौसेवर दावा ठोकणं बरं नव्हे. हिंडोल बंद केला तरी मंडपाबाहेरची ती तिसरी तशीच वाकून उभी होती. हत्तीची सोंडही वरच.